रिकाम्या कुंडीची निगा

कार्तिक सरून मार्गशीर्षाची थंडी पडू लागली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून एक प्रश्न न चुकता येतो. यंदा तो देवासच्या एका भगिनींनी विचारला आहे. त्या लिहितात : "आमच्या गच्चीत सासूबाईंनी लावलेली लाल लिलीची कुंडी आहे. त्या गेल्यापासून मीच तिला पाणी घालते. दिवाळीपासून एकेक पान पिवळे पडत गेले आणि आता कुंडी पार रिकामी दिसते. पाणी वाढवून पाहिले, खत घालून पाहिले; काही उगवत नाही. घरची मंडळी म्हणतात, टाकून दे. पण टाकवत नाही. काय करावे?"

या भगिनींना आमचे उत्तर दोन वाक्यांचे आहे. कुंडी टाकू नये; आणि आज, हे वाचून होताच, तिला पाणी घालणे थांबवावे. पहिले वाक्य त्यांना सुखाचे वाटेल. दुसरे पाळणे मात्र जड जाईल, हे आम्ही स्वानुभवावरून सांगतो. त्या अनुभवाची हकीकत सांगितल्यावाचून पुढचा उपदेश करणे आम्हांला बरे वाटत नाही.

इंदुरात रामबागेत आमच्या आत्यांचा वाडा होता. मागच्या चौकात तुळशीवृंदावनाशेजारी एका पसरट, मातीच्या कुंडीत लाल लिली होती. (आपण इंदूरकर कुंडीला सर्रास 'गमला' म्हणतो, आत्याही तसेच म्हणत.) ती त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून मिळालेली. चैत्रात तिला फुलांचे दांडे येत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका कैरीची डाळ आणि पन्हे घेऊन झाले, की चौकात जाऊन लिली पाहून येत. पुढे वाडा विकला गेला आणि आत्या मुलाकडे भोपाळला राहावयास निघाल्या. भांड्यांची वाटणी झाली, झोपाळ्याच्या पितळी कड्या कोणी नेल्या, आणि लिलीची कुंडी आमच्या वाट्याला आली. ती रिक्षात ठेवताना आत्या एवढेच म्हणाल्या, "दिवाळी झाली की हिच्याकडे बघू नकोस. संक्रांतीला बघ."

आम्हांला वाटले, ही जुन्या माणसांची बोलण्याची रीत. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली तेव्हा आम्ही घाबरलो. रोज एक तांब्या पाणी घालत होतो ते दोन तांबे केले. शेणखत घातले. कुंडी उन्हातून सावलीत आणि सावलीतून पुन्हा उन्हात हलवली. पौषातल्या एका सकाळी माती बोटाने उकरून पाहिली, तो कुजका वास आला. अकरा कंद निघाले. त्यांतले आठ हातात घेताच दबले. आत नुसता तपकिरी लगदा होता. उरले ते तीन, तेही लिंबाएवढे, मोठ्या कंदांच्या कुशीत वाढलेली पिल्ले. दोन पिढ्यांची कुंडी आम्ही एकाच हिवाळ्यात पाणी घालघालून मारली होती. पाडव्याला भोपाळहून आत्यांचा फोन आला. "फुलली का ग?" असे त्यांनी विचारले. "यंदा नाही," एवढेच आम्ही म्हणालो.

पुढची हकीकत शेवटी सांगू. आधी, त्या कुंडीत नेमके काय घडले ते पाहू.

लिलीचा कंद म्हणजे मूळ नव्हे. तळाशी एक आखूड, चपटे खोड असते आणि त्याभोवती अन्नाने भरलेल्या पानांच्या बुडख्यांचे थर असतात. स्वयंपाकाचा कांदा उभा चिरून पाहिला, की ही रचना चटकन ध्यानात येते. पावसाळ्यात हिरवी पाने उन्हावर जे अन्न तयार करतात, ते या थरांत साठते. पुढच्या चैत्रातल्या फुलाचा कोंबही कंदाच्या पोटात आधीच तयार होत असतो. लाल लिलीचा तर साधारण हिशेबच असा आहे, की चार पाने झाली की त्यांच्यामागे एका फुलदांड्याचा कोंब धरतो. म्हणून ज्या कुंडीत पावसाळ्यात पाने भरघोस, त्या कुंडीत चैत्रात फुले भरघोस.

थंडी पडली आणि हवा कोरडी झाली, की पानांचे काम संपते. पानांतले सत्त्व कंदात उतरते, पाने पिवळी पडतात, मुळांचे काम मंदावते. अशा वेळी घातलेले पाणी ओढून घ्यावयास कोणी नसते. गार मातीत ओल तशीच राहते, बुरशी वाढते आणि कंद कुजतो. आपण पिवळे पान पाहून पाणी वाढवतो. वाढलेल्या पाण्याने कंद कुजू लागतो. कुजलेल्या कंदाची उरली पानेही पिवळी पडतात. आणि आपण आणखी पाणी घालतो. तहानेने मेलेली लिली आम्ही क्वचितच पाहिली आहे. बुडून मेलेल्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

तथापि हा नियम सर्व लिलींना सरसकट लावता येत नाही, कारण 'लिली' या एका नावाखाली आपण निरनिराळ्या घराण्यांची झाडे लावतो. घरोघरची मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची लाल लिली मूळची दक्षिण अमेरिकेची. तिचे शास्त्रीय नाव हिप्पिअॅस्ट्रम. विल्यम हर्बर्ट या इंग्रज वनस्पतिज्ञाने १८२१ साली हे नाव योजले; त्याचा अर्थ 'घोडेस्वाराचा तारा' असा होतो. रोपवाटिकेत मात्र ती 'अमॅरिलिस' म्हणून विकली जाते. खरी अमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेची. हे नाव कोणत्या फुलाचे, हा वाद बरीच वर्षे चालला आणि १९८७ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत तो आफ्रिकेच्या बाजूने मिटला. रोपवाटिकांनी तो निकाल मनावर घेतलेला नाही. आपणही लाल लिलीच म्हणू.

नावाच्या घोळात न पडता कंद पाहून झाडाचा स्वभाव ओळखावा. कंदावर कांद्यासारखे तपकिरी, कागदी सालपट असेल, तर त्याला बहुधा कोरडी विश्रांती मानवते. सालपट अजिबात नसेल आणि मांसल, सुटे खवले एकावर एक बसवल्यासारखे दिसत असतील, तर ती शास्त्राच्या अर्थाने खरी लिली, म्हणजे लिलियम. तिचा कंद कधीही पुरता कोरडा पडू देऊ नये. एक झाड न पाहण्याने जगते, तर दुसरे न पाहण्याने मरते. तेव्हा आपल्या कुंडीत कोण आहे हे आधी ठरवावे.

आता लाल लिलीचे वर्ष सांगतो. आत्या तारखा सांगत नसत, सण सांगत. तीच रीत सोयीची आहे.

दसरा झाला की खत बंद करावे. कोजागरीपासून पाणी कमी करीत जावे. रोज घालत असाल तर चार दिवसांआड, मग आठ दिवसांआड. तुळशीचे लग्न लागले की पाणी पुरते थांबवावे आणि कुंडी पावसाचा वा दवाचा थेंब पडणार नाही अशा जागी, छपराखाली सरकवावी. पाने हिरवी असेतोवर कापू नयेत. ती दिसावयास बरी नसतात, लोळतात, पिवळी-हिरवी होतात. परंतु पान हिरवे आहे तोवर ते कंदाला काहीतरी देत असते. पूर्ण वाळले की हलक्या हाताने ओढावे, सहज सुटून येते. सगळीच पाने गळतील असेही नाही. एखाद्या कुंडीत दोनतीन हिरवी राहतात, त्याची काळजी करू नये.

संक्रांत ते वसंतपंचमी हा कुंडीला हात लावण्याचा काळ. दरवर्षी कंद उपटण्याचे कारण नाही. या झाडाला थोडी दाटी आवडते. दोनतीन वर्षांतून एकदा कंद काढावेत, कुजकी मुळे कापावीत, पिल्ले सहज सुटत असतील तर वेगळी करावीत. इतर वर्षी वरची दोन इंच माती काढून तेथे नवी माती आणि कुजलेले शेणखत मिसळून भरले, की पुरे. मग एकदा खालच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावे आणि हिरवे टोक दिसेपर्यंत पुन्हा हात आखडता ठेवावा. टोक दिसले, की कुंडी सकाळच्या उन्हात आणावी. साधारण सहा ते आठ आठवड्यांत, होळीच्या सुमारास, जाड पोकळ दांडा वर येतो. त्याच्या माथ्यावर दोन ते चार, कधी त्याहून अधिक फुले लागतात. पाडव्याला कुंडी उंबऱ्याशी ठेवावयास तयार असते.

फुले सुकली की ती बी धरण्यापूर्वी खुडावीत, मात्र दांडा हिरवा असेतोवर तसाच ठेवावा. येथून पुढे बहुतेकांचे लक्ष उडते. आणि कंदाची कमाई तर याच काळात व्हावयाची असते. वैशाखाच्या दुपारचे ऊन पानांना भाजते, तेव्हा दुपारी सावली आणि संध्याकाळी पाणी द्यावे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत महिन्यातून एकदा मूठभर शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मातीत कालवावी. युरिया घालू नये. पाने माजतात आणि फूल रुसते. पिल्लाला फूल येण्यास दोनतीन वर्षे लागतात, हेही आताच सांगून ठेवतो. म्हणजे दुसऱ्या वर्षी निराश होणार नाही.

कुंडी आठ ते दहा इंची, मातीची असावी. मातीची कुंडी अंगातून ओल सोडते. प्लास्टिकची सोडत नाही. बुडाशी भोक हवे आणि त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. आपली माळव्याची काळी माती कापसाला आणि गव्हाला कितीही चांगली असली, तरी कुंडीतल्या कंदाला ती जाचक होते. ओली झाली की फुगून चिकट होते आणि वाळली की भेगा पडून मुळे तोडते. म्हणून दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे. ओलसर मिश्रण मुठीत दाबून सोडल्यावर बोट लावताच फुटले पाहिजे. लाल लिलीचा कंद लावताना त्याची मान आणि वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा. गळ्यापर्यंत पुरलेल्या कंदाच्या मानेत पाणी साचते. कंद आणि कुंडीची कड यांत दोन बोटांचे अंतर असले, की झाले.

नर्मदेचे पाणी इंदुरात १९७८ साली आले. त्याआधीचे उन्हाळे ज्यांना आठवतात, त्यांना पाण्याचा तांब्या कसा मोजून वापरला जाई हेही आठवत असेल. आत्यांच्या चौकातल्या कुंड्यांना तांदळाचे आणि डाळीचे धुवण मिळे, तेही तुळशीचे झाल्यावर उरले तर. त्या टंचाईत ती लिली कधी मेली नाही. ती मेली ती आमच्या घरी, नळाला मुबलक पाणी असताना.

इतर लिलींविषयीही वाचक वारंवार विचारतात, म्हणून थोडक्यात लिहितो.

चेंडूसारखे लालभडक फूल येणारी फुटबॉल लिली आफ्रिकेची. तिची झोप लाल लिलीहून गाढ. पौषापासून चैत्रापर्यंत कुंडीत काही म्हणजे काही दिसत नाही. वैशाखात वळवाचा शिडकावा झाला, की मातीतून एकदम दांडा उठतो आणि पानांच्या आधी किंवा पानांबरोबर फूल येते. तो चेंडू एक फूल नसून शेदोनशे बारीक फुलांचा झुबका असतो. हिची 'रिकामी' कुंडी सर्वांत अधिक टाकली जाते. तिच्यावर खडूने नाव लिहून ठेवावे.

पावसाची लिली, म्हणजे गुलाबी, पांढरी वा पिवळी, गवतासारख्या पानांची छोटी लिली, सर्वांत सोशिक आहे. कोरड्या दिवसांनंतर चांगली सर पडली, की काही दिवसांतच ती फुलते. एका पसरट कुंडीत वीसपंचवीस कंद दाटीने लावले, तरच शोभा येते. मृगापूर्वी दोनतीन आठवडे पाणी तोडून पाहावे. पहिल्या पावसाचा परिणाम दिसेल.

पांढऱ्या, लांब पाकळ्यांची, रात्री सुवासणारी स्पायडर लिली मात्र बाराही महिने हिरवी असते. तिच्या कंदाला सालपट असूनही तिला कोरडे झोपवू नये. हिवाळ्यात पाणी कमी करावे, बंद करू नये. दिवाणखान्यात ठेवतात ती पीस लिली तर लिली नव्हेच. ती अळूच्या कुळातली. तिला कंदही नाही आणि झोपही नाही. थेट उन्हापासून दूर, ओलसर मातीत ती सुखाने राहते.

राहिली ती खरी लिली. एशियाटिक आणि ओरिएंटल या नावांनी तिचे कंद हिवाळ्याच्या तोंडाशी रोपवाटिकांत येतात. त्यांतले पुष्कळ हॉलंडहून आलेले असतात. लिलियम थंड प्रदेशांची रहिवासी आहे. आपल्या देशात तिच्या जाती हिमालयात आणि निलगिरीसारख्या दक्षिणेकडील उंच डोंगरांत आढळतात. मणिपुरातील शिरुई डोंगरावरची फिकट गुलाबी लिली तर त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. बाजारात येणाऱ्या कंदांना शीतगृहात हिवाळा भोगवलेला असतो. म्हणूनच दिवाळीच्या आसपास लावलेला एशियाटिक कंद आपल्याकडे दोनतीन महिन्यांत फुलतो. कंद घट्ट, रसरशीत पाहून घ्यावा, आणून ठेवून न देता त्याच आठवड्यात लावावा, आणि लाल लिलीच्या उलट, चारपाच इंच खोल लावावा. कारण तिला कंदाच्या वर, खोडालाही मुळे फुटतात. दुसऱ्या वर्षी ती तशीच फुलेल अशी आशा धरू नये. माळव्याचा हिवाळा तिला पुरत नाही आणि उन्हाळा सोसत नाही. घरी आलेल्या पाहुण्यासारखी तिची आठ-दहा दिवसांची सरबराई करावी आणि निरोप द्यावा. फूल उमलताच आतले तपकिरी परागकोश चिमटीने काढून टाकावेत, म्हणजे परागाचे डाग कपड्यांना पडत नाहीत. पडलाच डाग, तर पाणी न लावता चिकटपट्टीने पराग उचलून घ्यावेत.

आमचे वाचक इंदुराबाहेरही आहेत, म्हणून प्रदेशाप्रमाणे थोडा फेरफार सांगतो. ग्वाल्हेरच्या कडाक्यात लाल लिली आपणहून झोपते. तेथे तिला धुक्याच्या ओलीपासून जपावे आणि ज्येष्ठाच्या लूमध्ये भिंतीच्या आडोशाला न्यावे. वडोदरा आणि हैदराबाद येथे थंडी सौम्य, म्हणून पाणी तोडूनच तिला झोपेची जाणीव करून द्यावी लागते. बेळगावची हवा थंड, तेथे खरी लिली आमच्यापेक्षा चार दिवस अधिक टिकेल. गोव्यात पावसाचे मान अफाट, म्हणून जून ते सप्टेंबर कुंड्या पागोळीखाली ठेवू नयेत आणि मिश्रणात वाळू वाढवावी.

पावसाळ्यात या झाडांचा एक खास वैरी येतो. काळी, अंगावर पांढरे आणि तांबूस ठिपके असलेली अळी पानांच्या मागे झुंडीने बसते आणि पाहता पाहता पाने फस्त करून कंदाच्या मानेत शिरते. फवारणीच्या भानगडीत न पडता सकाळी लवकर चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. सलग आठ दिवस वेचले, की प्रश्न मिटतो. पानांवर आणि दांड्यावर लांबट, लाल-तपकिरी चट्टे पडून दांडा वाकडा वाढू लागला, तर ती बुरशी समजावी. चट्ट्याची पाने कापून कचऱ्यात टाकावीत, खतात नव्हे. आणि पाणी पानांवर न घालता मातीवर घालावे.

आता एक गंभीर गोष्ट. लाल लिली, फुटबॉल लिली, स्पायडर लिली, पावसाची लिली या सर्वांचे कंद विषारी असतात. एका वर्षी कुंडी बदलताना काढलेले कंद आम्ही वर्तमानपत्रावर पसरून, नेमके कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवले. सकाळी पोह्यांची तयारी चालली होती. जाऊबाईंनी त्यांतला एक विळीवर धरून अर्धा कापलाही. कांद्याचा वास येईना आणि डोळ्यांना पाणी येईना, म्हणून त्या थांबल्या. तो कंद पोह्यांत जाता, तर घरभर ओकाऱ्या झाल्या असत्या. दोष सर्वस्वी आमचा. तेव्हापासून कंद स्वयंपाकघरात आणावयाचे नाहीत, असा घरात नियम आहे. कंद जाळीच्या पिशवीत, नावाची चिठ्ठी बांधून, गॅलरीच्या उंच खुंटीला टांगावेत. कोणाच्या पोटात गेलाच, तर घरगुती उपाय न करता कंदाचा तुकडा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे.

कळलावीची फुले ज्वाळेसारखी सुंदर, तमिळनाडूचे ते राज्यपुष्प. परंतु तिच्या कंदातले कोल्चिसिन जिवावर बेतणारे असते. लहान मुले असलेल्या घरात कुंडीत ती लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी खरी लिली आणि डे लिली घरात आणूच नये. तिचे पान चघळले, किंवा अंगावर पडलेले पराग चाटले, तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होते.

असो. त्या तीन पिलांची हकीकत राहिली.

ती आम्ही नव्या मातीत लावली आणि आत्यांनी सांगितल्याप्रमाणे दिवाळीनंतर त्यांच्याकडे पाहणे सोडले. पाणी घालावयाची इतकी सवय जडली होती, की कुंडी डोळ्यांआड, जिन्याखाली ठेवावी लागली. दुसऱ्या पाडव्यालाही फोनवर "यंदा नाही" म्हणालो. तिसऱ्या वर्षी होळीच्या आधी एका कंदातून दांडा वर आला. कळ्या फुगल्या, तशी आम्ही कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळले, ती मोटारीत पायांशी ठेवली आणि भोपाळ गाठले.

आत्यांनी चष्मा लावून फुले मोजली. मग बोटाने कंदाच्या मानेजवळची माती बाजूला केली आणि म्हणाल्या, "ही माझी नाही. माझा कंद मुठीत मावत नसे. ही तिची पोर दिसते. म्हातारी बुडवलीस का?"

आम्ही होय म्हणालो. तीन वर्षे फोनवर जे लपवले होते, ते त्यांनी बोटाने माती सरकवून वाचले होते.

"मीही बुडवली होती," आत्या म्हणाल्या. "लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. सासूबाईंनी पुन्हा दिली."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं की. बघू नकोस म्हणाले होते."

उरलेल्या दोन पिलांपैकी एक आम्ही त्यांच्या गॅलरीत ठेवून आलो. आत्या आता नाहीत. ते पिल्लू भोपाळच्या वहिनींकडे आहे, आणि दिवाळीनंतर त्या त्याच्याकडे बघत नाहीत.

देवासच्या भगिनींनी आता असे करावे. कुंडी सावलीत, कोरड्या जागी उपडी करावी आणि कंद हलकेच मोकळे करून एकेक दाबून पाहावेत. जे घट्ट लागतील ते माती झटकून सावलीत चारपाच दिवस वाळवावेत. ज्याचा थोडाच भाग मऊ झाला असेल, तो भाग स्वच्छ सुरीने पांढरे मांस लागेपर्यंत कापून, जखमेवर बुरशीनाशक पूड चोळून तोही वाळवावा. पूर्ण लगदा झालेले टाकून द्यावेत. मग सर्व कंद जाळीच्या पिशवीत घालून संक्रांतीपर्यंत टांगून ठेवावेत. त्यांना मधल्या काळात काहीही लागत नाही. संक्रांतीनंतर वर सांगितलेल्या मातीत लावावेत. यंदाच्या चैत्रात फूल आले नाही, तरी पावसाळ्यात पाने जपावीत, आणि चैत्र उलटल्यावर आम्हांला पत्र लिहावे.

कुंडीत एकही कंद घट्ट निघाला नाही, तरीही लिहावे. आमच्याकडे यंदा सहा पिल्ले सुटी झाली आहेत, आणि देवास काही लांब नाही.